जोहान्सबर्ग-प्रिटोरियात भाड्याने फ्लॅट घेताना

जॅकरांडा:
पुण्या-मुंबईहून दोन-तीन वर्षांच्या कामासाठी इकडे दक्षिण आफ्रिकेत येणाऱ्यांचे तेच ते प्रश्न दहा ठिकाणी विखुरलेत, म्हणून एक धागा. रोख जोहान्सबर्ग आणि प्रिटोरियावर आहे. केप टाउन, डर्बनवाल्यांनी भर घालावी.

आधी 'अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट' डोक्यातून काढून टाका. इथे लिव्ह अँड लायसन्स नाही, सरळ लीज असते, बहुधा १२ महिन्यांची. स्टँपपेपर नाही की रजिस्ट्रारकडे खेप नाही. १९९९च्या रेंटल हाउसिंग ॲक्टप्रमाणे तोंडी करारही चालतो, पण भाडेकरूने मागितला तर मालकाला तो लेखी द्यावाच लागतो. मागाच.

घरं बघायची ती प्रॉपर्टी२४ आणि प्रायव्हेट प्रॉपर्टी या साइटींवर. जाहिरातीतले शब्द नीट समजून घ्या. 'बॅचलर' म्हणजे एकाच खोलीत झोपणं-बसणं-स्वयंपाक. लग्नाशी त्याचा संबंध नाही. 'कॉटेज' म्हणजे कुणाच्या तरी बंगल्याच्या आवारातलं वेगळं घर. 'अनफर्निश्ड'मध्ये भिंतीतली कपाटं आणि बहुतेक ठिकाणी ओव्हनसकट इलेक्ट्रिक शेगडी मिळते. फ्रिज, वॉशिंग मशीन, पडदे आपले आपण. छताला पंखा असेल असं तर गृहीतच धरू नका.

अर्जाला लागतं ते असं: पासपोर्ट, व्हिसाची प्रत, नोकरीचं पत्र, तीन महिन्यांच्या पगारपावत्या, तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट. एजंट त्यावर क्रेडिट चेक (कर्ज-उधारी वेळेवर फेडता का, याची तपासणी) करतो. भाडं ढोबळ पगाराच्या ३० टक्क्यांच्या आत बसतंय का, हेही बघतात. १२,००० रँड भाड्याच्या फ्लॅटला ४०,००० पगार दिसायला हवा, असा हिशोब. व्हिसा मागितला म्हणून रागावू नका. इमिग्रेशन ॲक्टच्या ४२व्या कलमाप्रमाणे बेकायदा राहणाऱ्या परदेशी माणसाला घर भाड्याने देणं हा मालकाचाच गुन्हा ठरतो. त्यामुळे लीजची मुदत व्हिसाच्या तारखेआधी संपेल अशीच लिहायला बघतात.

भारतातून नुकत्याच आलेल्या माणसाचा इथला क्रेडिट रेकॉर्ड कोरा असतो, आणि कोरा म्हणजे चांगला नव्हे. मग एक महिन्याऐवजी दोन महिन्यांचं डिपॉझिट मागतात. त्यात घासाघीस होते. कंपनीचं जरा तपशिलात लिहिलेलं पत्र (पद, पगार, नेमणुकीची मुदत, एचआरचा फोन) जोडलं की बरेचदा दीड महिन्यावर तडजोड होते.

शेंगदाणा:
उपयुक्त धागा. एक शंका: कंपनी म्हणते लीज आमच्या नावावर करू, क्रेडिट चेकची कटकटच नको. हे बरं ना?

दोन_ओळी:
@शेंगदाणा, सोयीचं आहे, पण त्यात एक हक्क हातचा जातो. कन्झ्युमर प्रोटेक्शन ॲक्ट, २००८चा, कलम १४. भाडेकरू माणूस असेल आणि मालकाचा घरं भाड्याने देणं हा नेहमीचा व्यवसाय असेल, तर १२ किंवा २४ महिन्यांची लीज मध्येच सोडता येते. कारण सांगावं लागत नाही, २० कामकाजी दिवसांची लेखी नोटीस पुरते. मालकाला 'वाजवी' भरपाई घेता येते. वाजवी म्हणजे नवा भाडेकरू मिळेपर्यंतचं बुडालेलं भाडं, जाहिरातीचा खर्च, एजंटच्या कमिशनचा उरलेला भाग, असं. राहिलेल्या सगळ्या महिन्यांचं भाडं त्यात बसत नाही, लीजमध्ये तसं छापलेलं असलं तरी.

हे कलम दोन कंपन्यांमधल्या कराराला मात्र लागू नाही. भाडेकरू म्हणून तुमची कंपनी आणि समोर मालकही कंपनी किंवा ट्रस्ट असेल, तर १४वं कलम विसरा. करारात लिहिलंय तेच खरं. प्रोजेक्ट सहा महिन्यांत गुंडाळला तर उरलेल्या सहाचं काय, हे कंपनीकडून आधी लेखी घ्या. किंवा लीजमध्येच दोन महिन्यांच्या नोटिशीचं कलम घालून घ्या. सही व्हायच्या आधी हे मिळतं, नंतर कुणी देत नाही.

त्याच कलमातली आणखी एक गोष्ट. लीज संपायच्या ८० ते ४० कामकाजी दिवस आधी मालकाने कळवायला हवं की मुदत संपतेय आणि पुढच्या अटी अशा आहेत. कुणी काहीच कळवलं नाही तर करार आपोआप महिन्या-महिन्यावर चालू राहतो.

भाडेवाढीचा आकडा बघून घ्या. बहुतेक छापील लीजमध्ये तो ५ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतो. १० दिसला तर तिथेच बोला.

आणि 'लीज फी', 'ॲडमिन फी'. रेंटल हाउसिंग ॲक्ट सांगतो की कराराचा खर्च भाडेकरूकडून घ्यायचा तर प्रत्यक्ष झालेल्या खर्चाचा पुरावा दाखवून घ्यायचा. नम्रपणे पावती मागितली की रक्कम बरेचदा आपोआप आकसते.

उत्तरायण:
घर बघायला जाताना फोनमधलं होकायंत्र चालू ठेवा. आपल्याकडे पूर्वाभिमुख, दक्षिण नको वगैरे. इथे आपण विषुववृत्ताच्या खाली आहोत, सूर्य उत्तरेकडून फिरतो. बैठकीची खोली उत्तरेला उघडणारी हवी. दक्षिणेला तोंड असलेल्या फ्लॅटमध्ये जून-जुलैत दिवसभर ऊन येत नाही. जोहान्सबर्ग साधारण १,७०० मीटर उंचीवर आहे, हिवाळ्यात रात्री पारा शून्याच्या आसपास जातो. घरांना हीटिंग नसतं, खिडक्यांना एकच काच, खाली टाइल्स. असा फ्लॅट पाचशे रँडने स्वस्त मिळाला तरी ते पैसे हीटरच्या विजेत जातात.

केप टाउनला पाऊसच हिवाळ्यात पडतो, त्यामुळे तिथे दक्षिणेच्या खोलीत थंडीसोबत बुरशी. कपाट उघडून मागची फळी हुंगा. कोपऱ्यातला रंग ताजा आणि बाकी भिंत जुनी असेल तर त्या रंगाखाली काय आहे ते विचारा.

वास्तुवाल्यांनी माझ्यावर तुटून पडू नये. :)

तांबडी_माती:
@उत्तरायण, शंभर टक्के अनुमोदन. भर म्हणून: वरच्या मजल्यावरचा उत्तरेचा फ्लॅट उन्हाळ्यात तापतो, पण जोहान्सबर्गचा उन्हाळा नागपूरकरांना काहीच नाही. नोव्हेंबरपासून दुपारी गडगडाटी पाऊस पडतो आणि संध्याकाळ गार होते. डर्बनला मात्र दमटपणा मुंबईसारखाच. तिथे दिशेपेक्षा समुद्राचा वारा येतो का ते बघा.

कॉम्प्लेक्स की कॉटेज, हा खरा प्रश्न आहे. कॉम्प्लेक्समध्ये बूम गेट, रखवालदार, विजेचं कुंपण. पण तिथे बॉडी कॉर्पोरेटचे (आपल्या सोसायटीसारखी फ्लॅटमालकांची संस्था) नियम असतात आणि ते भाडेकरूलाही लागू होतात: गॅलरीत कपडे वाळत घालायचे नाहीत, पाहुण्यांची गाडी ठरलेल्या जागीच, रात्री दहानंतर आवाज नाही. नियमांची प्रत लीजसोबत जोडलेली असली पाहिजे. न वाचलेल्या नियमाचाही दंड बसतो. लेव्ही आणि स्पेशल लेव्ही (बॉडी कॉर्पोरेटची नेहमीची आणि जादा वर्गणी) मालकाच्या. त्या भाडेकरूच्या माथी येत असतील तर हरकत घ्या.

कॉटेजमध्ये नियम कमी आणि बाग मोफत, पण वीज-पाणी मालकाच्या मीटरवरून. 'अर्धं बिल तुमचं' असं मोघम ठरवू नका. सबमीटर असेल तरच घ्या, नाहीतर ठरावीक रक्कम भाड्यात धरून घ्या.

शेंगदाणा:
आणि पाणी? जोहान्सबर्गला पाणी जातं असं ऐकतोय.

तांबडी_माती:
जातं. उंचावरच्या भागांत जलाशय रिकामा झाला की आधी नळ कोरडे पडतात. घर बघताना दोनच प्रश्न: आवारात जोजो आहे का (टाकी कुठल्याही कंपनीची असो, इथे तिला जोजोच म्हणतात) आणि ती पंपाने घरच्या नळांना जोडलेली आहे की फक्त बागेला. वीज गेल्यावर पंप कशावर चालतो, हा तिसरा. उत्तर एजंटकडून घेण्यापेक्षा गेटवरच्या रखवालदाराकडून घ्या.

गीझरबाबा:
विजेवर कुणी बोललं नाही, म्हणून मी.

जोहान्सबर्गमध्ये वीज महापालिकेच्या सिटी पॉवर कंपनीची, पण सोवेटो आणि सँडटनच्या बऱ्याच भागात थेट एस्कॉम या सरकारी वीज कंपनीची. दोघांचे दर वेगळे. त्याहून वेगळं तिसरं: कॉम्प्लेक्सने नेमलेल्या खासगी कंपनीचा प्रीपेड सबमीटर, ज्यात प्रत्येक खरेदीवर किंवा महिन्याला सेवाशुल्क कापतात. मीटर कुणाचा आहे हे सही करायच्या आधी विचारा. सिटी पॉवरने जुलै २०२४पासून प्रीपेडवरही महिना २०० रँड (व्हॅट वेगळा) स्थिर आकार लावला. अशा आकड्यांत दर जुलैला फेरफार होतो, म्हणून चालू वर्षाचा दर बघा.

प्रीपेड असं चालतं: मीटरचा ११ आकडी नंबर सांगायचा, पैसे भरायचे (बँकेच्या ॲपवर, सुपरमार्केटच्या गल्ल्यावर, कुठेही), २० आकडी टोकन मिळतं, ते घरातल्या कीपॅडवर दाबायचं. किल्ल्या घेतानाच ५० रँडचं टोकन घेऊन बघा. मीटर दुसऱ्याच फ्लॅटचा निघतो, नंबर चुकीचा लिहिलेला असतो, किंवा आधीची थकबाकी मीटरला चिकटलेली असते आणि भरलेल्या पैशांतून ती कापली जाते. हे सगळं त्या ५० रँडमध्ये कळतं. शिवाय २४ नोव्हेंबर २०२४ ही जगभरच्या अशा मीटरांची मुदत होती. त्याआधी ज्यांचा कोड बदलला नाही, ते मीटर नवं टोकन घेत नाहीत. बराच काळ रिकामा राहिलेला फ्लॅट असेल तर हे आवर्जून तपासा.

आता गीझर. इथला गीझर म्हणजे बाथरूममधली १५ लिटरची नळकांडी नव्हे. १५० लिटरची आडवी टाकी, बहुधा छताच्या वर पोटमाळ्यात, ३ किलोवॅटचा एलिमेंट. १५ अंशांचं पाणी ६० अंशांवर न्यायला जवळपास ८ युनिट आणि अडीच तास लागतात. बटण कायम चालू ठेवलं तर ती दिवसभर थोडी थोडी तापत राहते. टायमर असेल तर पहाटे दोन-अडीच तास पुरतात, दोन माणसांच्या घरात तरी. तापमान ६०च्या खूप खाली आणू नका, कोमट साठ्यात जंतू वाढतात.

गीझर फुटला तर छतातून पाणी गळायला लागतं. क्रम लक्षात ठेवा: डीबी बोर्डावरचा (घरातल्या विजेच्या ब्रेकरांची पेटी) 'गीझर' लिहिलेला ब्रेकर खाली, मग पाण्याचा मुख्य कॉक बंद, मग गरम पाण्याचे नळ उघडे, मग फोटो, मग एजंटला फोन. नवा गीझर ही मालकाच्या किंवा बॉडी कॉर्पोरेटच्या इमारत विम्याची बाब. भिजलेला तुमचा लॅपटॉप मात्र त्यात येत नाही. त्यासाठी घरातल्या सामानाचा वेगळा विमा भाडेकरूने घ्यायचा.

मुख्य कॉक कुठे आहे ते आजच शोधून ठेवा. रात्री दोन वाजता तो सापडत नसतो.

कढीलिंब:
स्वयंपाकघराचं मी लिहिते. शेगडी इलेक्ट्रिक, गोल तबकड्यांची किंवा काचेच्या पृष्ठभागाची. गोल बुडाची कढई आणि खोलगट तवा भारतातून आणू नका, मधला रुपयाएवढा भागच तापतो. सपाट जाड बुडाचा तवा आणि सपाट बुडाचा कुकर आणा. काच असेल तर कुकर सरकवायचा नाही, उचलायचा. ओरखडे पडले की ते डिपॉझिटमधून जातात. फुलके थेट तबकडीवर जाळी ठेवून होतात, पण घरभर धूर होतो आणि काही कॉम्प्लेक्समध्ये स्मोक डिटेक्टर आहेत.

मिक्सर बिनधास्त आणा, व्होल्टेज २३० आणि ५० हर्ट्झ, आपल्यासारखंच. पिन मात्र बघा. इथलं जुनं सॉकेट म्हणजे आपल्याकडचं गीझर-एसीचं मोठ्या तीन गोल पिनांचं १५ अँपिअरवालं. ती मोठी पिन थेट बसते. मिक्सरची छोटी तीन पिन बसत नाही, अडॅप्टर लागतो. नव्या इमारतींत षटकोनी, बारीक तीन पिनांचं सॉकेटही असतं, त्याचा अडॅप्टर वेगळा. मिक्सर लावताच घरातले सगळे प्लग बंद पडले तर डीबीवरचं अर्थ लीकेज (वीज गळली की आपोआप पडणारा स्विच) पडलंय. सगळे प्लग काढा, ते वर करा, मग एकेक लावत जा. ज्याच्यावर पुन्हा पडेल तो दोषी.

आणि हळद. ओटे बरेचदा पांढऱ्या लॅमिनेटचे असतात. ओली हळद रात्रभर राहिली की डाग जात नाही, आणि एजंटच्या निघतानाच्या यादीत 'काउंटर स्टेन्ड' अशी ओळ येते. मसाल्याचा डबा ताटात ठेवायचा, एवढंच. शेगडीवरच्या एक्स्ट्रॅक्टरची जाळी महिन्यातून एकदा गरम पाण्यात सोडा टाकून भिजवा. फोडणीचं तेल वर्षभर साचलं की ते निघत नाही.

जॅकरांडा:
@कढीलिंब, ताई, ही शेवटची ओळ धाग्याच्या वर चिकटवायला हवी.

यावरून मुख्य मुद्दा: डिपॉझिट परत मिळणार की नाही हे निघताना ठरत नाही, आत शिरताना ठरतं. कायद्याने राहायला येण्यापूर्वी मालक आणि भाडेकरूने मिळून घराची पाहणी करायची आणि दोषांची यादी लीजला जोडायची. एजंट घाईत असतो, 'सही करा, नंतर कळवा' म्हणतो. सही करताना शेजारी 'यादी सात दिवसांत देणार' असं हाताने लिहा, आणि खरंच द्या.

बघायचं काय? प्रत्येक नळ, गरम आणि गार. फ्लश. शेगडीच्या चारही तबकड्या एकेक मिनिट चालू करून. ओव्हनच्या आतलं दार (तिथली चरबी तुमच्या नावावर नको). खिडक्यांच्या कड्या, लोखंडी जाळ्या. कार्पेट असेल तर खोलीचे चार कोपरे आणि पलंगाखालची जागा. गेटचे रिमोट किती, टॅग किती, कपाटांच्या किल्ल्या किती, हे आकड्यात. एक रिमोट कमी पडला तर शेकडो रँड जातात. मीटरचं रीडिंग. फोटो काढा आणि त्याच दिवशी एजंटला ईमेल करा. व्हॉट्सॲपवर नको, तिथून ते नंतर शोधणं कठीण.

दोन_ओळी:
कायदा इथे भाडेकरूच्या बाजूने बऱ्यापैकी स्पष्ट आहे, मुदती लिहून ठेवा. डिपॉझिट व्याजाच्या खात्यात ठेवायचं असतं, व्याज तुमचं. किती झालं याचा लेखी पुरावा कधीही मागता येतो. लीज संपण्याआधीच्या तीन दिवसांत पुन्हा एकत्र पाहणी. काही देणं नसेल तर ७ दिवसांत व्याजासकट परत. दुरुस्तीचे पैसे कापायचे असतील तर घर मालकाच्या ताब्यात परत दिल्यापासून १४ दिवसांत उरलेली रक्कम, पावत्यांसकट. भाडेकरू पाहणीला आलाच नाही तर २१ दिवस. आणि मालकाने पाहणीच केली नाही, तर घर चांगल्या स्थितीत परत मिळालं असं त्याने मान्य केल्याचं धरतात. म्हणून निघताना पाहणीची वेळ तुम्हीच ईमेलने मागा.

उन्हाने फिकट झालेला पडदा, वर्दळीने दबलेलं कार्पेट ही नेहमीची झीज, तिचे पैसे कापता येत नाहीत. सिगरेटने जळलेलं कार्पेट ही नासधूस.

वाद झाला तर प्रत्येक प्रांतात रेंटल हाउसिंग ट्रिब्युनल आहे. फी नाही, वकील लागत नाही. पण तक्रार चालू असतानाही भाडं भरत राहायचं. 'दुरुस्ती करत नाही ना, मग भाडं थांबवतो' हा सगळ्यात महागडा बाणेदारपणा. त्यात तुमचीच बाजू मोडते. उलट मालकाने चिडून कुलूप बदललं किंवा वीज तोडली तर ते बेकायदा. कोर्टाच्या आदेशाशिवाय कुणालाही घराबाहेर काढता येत नाही, राज्यघटनेच्या २६व्या कलमातच तसं आहे.

मीठभाकर:
बँकेचं कोडं कसं सोडवायचं? खातं उघडायला पत्त्याचा पुरावा हवा, पत्त्याला लीज हवी, लीजला इथलं बँक खातं.

जॅकरांडा:
@मीठभाकर, पहिले तीन-चार आठवडे फर्निश्ड जागेत काढायचे, तिथल्या मालकाचं किंवा कंपनीचं पत्त्याचं पत्र बँकेला चालतं का ते विचारायचं, खातं उघडायचं, मग लीज. भारतातून एकदम बारा महिन्यांची लीज ऑनलाइन सही करू नये. फर्निश्ड अल्पमुदतीच्या जागेच्या दरात १५ टक्के व्हॅट धरलाय का तेही विचारा. साध्या घरभाड्यावर व्हॅट नसतो.

मीठभाकर:
आणि फसवणूक?

जॅकरांडा:
नेहमीचे दोन प्रकार. एक: सुंदर फोटो, बाजारापेक्षा बरंच कमी भाडं, मालक 'परदेशात' आहे, डिपॉझिट भरा म्हणजे किल्ली कुरियरने येईल. आत पाऊल न टाकता एक रँडही देऊ नका. दोन: खऱ्या एजंटच्या नावाने ईमेल येतो, 'आमचं बँक खातं बदललंय'. आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय पैसे पाठवू नका. ईमेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे.

एजंट खरा का? प्रॉपर्टी प्रॅक्टिशनर्स ॲक्ट फेब्रुवारी २०२२पासून लागू आहे. त्याप्रमाणे प्रत्येक एजंटकडे मुदतीत असलेलं फिडेलिटी फंड सर्टिफिकेट (एजंटचा परवानाच म्हणा) हवं. मागा. खरा एजंट लगेच पाठवतो.

मीठभाकर:
आभार. शेवटची शंका: लीज अजून चालू आहे, नोटीस १ डिसेंबरला दिली तर डिसेंबरअखेर घर सोडता येईल ना? २० दिवसच तर आहेत.

दोन_ओळी:
नाही, आणि इथेच सगळे चुकतात. २० कामकाजी दिवस. नोटिशीचा दिवस धरायचा नाही, शनिवार-रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या वगळायच्या. सोमवार १ डिसेंबर २०२५ला नोटीस दिली असं धरा. १६ डिसेंबर, २५, २६ आणि १ जानेवारी सुट्टी. विसावा दिवस येतो शुक्रवार, २ जानेवारी २०२६. आणि दोन दिवसांसाठी जानेवारीच्या भाड्याचा वाद सुरू होतो. नोटीस २७ नोव्हेंबरच्या गुरुवारी द्या, विसावा दिवस ३० डिसेंबरला पडेल. पाहणीची वेळही त्याच ईमेलमध्ये मागून ठेवा, कारण डिसेंबरच्या मध्यापासून निम्मी एजंट कार्यालयं बंद असतात.